गोदामफैलातला पोकळ बैल

गोदामफैलातल्या पोरांच्या मंडळाला दहा वर्षं झाली म्हणून स्मरणिका निघते आहे. तिच्यात मंडळाचा इतिहास मी लिहावा, असा निरोप मंडळ चालवणाऱ्या देवकाबाईनं पाठवला. निरोप घेऊन आलेल्या पोराला मी दारातूनच हाकललं. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा हजर.

"बाईनं सांगतलं, मुन्शीजीनंच लिहाचं. दुसऱ्या कोनाच्या हातचं नाई पाह्यजे."

"तुह्या बाईले वाचता तरी येते का बे?"

"नाई येत," तो म्हणाला आणि कोऱ्या कागदांची थप्पी ओट्यावर ठेवून चालता झाला.

मी सदाशिवराव. वर्ध्यात कचेरीसमोरच्या कडुनिंबाखाली टेबल टाकून तीस वर्षं अर्ज लिहितो आहे. लोक मुन्शीजी म्हणतात. या मंडळाविरुद्ध आजवर जेवढे अर्ज गेले, गोंगाटाचे, शिवीगाळीचे, भिंतीवर लघवी केल्याचे, ते सगळे मी लिहिले. मंडळाचे स्वतःचे अर्जही मीच लिहिले. वकिलाला दोन्ही बाजूंनी उभं राहता येत नाही, अर्जनवीसाला येतं. तेव्हा इतिहास माझ्याइतका कोणाला ठाऊक नाही, हे खरं. पण स्मरणिकेत शोभेल असा तो नाही, आणि शोभेसाठी मी लिहिणार नाही. देवकाबाई जिवंत आहे हे एका अर्थी बरंच, कारण मेलेल्या माणसाचं गोडच लिहावं लागतं.

माझी एक खोड आधी सांगून ठेवतो. लिहिताना टाक मी डाव्या अंगठ्याला पुसतो आणि त्याच अंगठ्यानं कागद दाबून धरतो. त्यामुळे माझ्या प्रत्येक अर्जाच्या खालच्या कोपऱ्यात जांभळा ठसा उमटतो. तरुणपणी सुपारी कातरताना अडकित्त्यानं तो अंगठा फाटला होता, त्याची तिरपी रेघ ठशात दिसते. पक्षकार कुरकुरत नाहीत आणि साहेबलोकांची नजर कोपऱ्यात जात नाही. माझी बायको सुमित्राबाई मात्र धोतरावरच्या डागांवरून रोज बोलते.

आता मंडळाकडे वळतो. गोदामफैल म्हणजे रुळांच्या पलीकडे, कापसाच्या जुन्या गोदामांच्या भिंतींना टेकून वाढलेली वस्ती. आमचा मोहल्ला रस्त्याच्या अलीकडे. मध्ये नगरपालिकेचा जुना जकात नाका. शहर वाढलं, नाका पुढे हलला आणि ती एक खोली, एक ओटा आणि वरचे पत्रे तसेच रिकामे पडून राहिले. माझ्या घराची खिडकी बरोबर त्या ओट्यासमोर उघडते.

आणीबाणीच्या आगेमागे जिल्ह्यात दारूबंदी आली आणि गोदामफैलातल्या पोरांना रोजगार मिळाला. हे वाक्य छापायचं नसेल तर लेख परत करा. नागपूरला दारू उघड मिळे. पोरं दुपारी तिकडे जायची, सायकलच्या ट्यूबा दारूनं भरून कमरेला गुंडाळायची, वरून ढगळ सदरा घालून संध्याकाळच्या पॅसेंजरनं परत यायची. बारा-तेरा वर्षांची पोरं, पण पोटं लग्नातल्या व्याह्यासारखी. माल मोठ्यांचा असे. पोलीस मोठ्यांची झडती घेत आणि पोरांना नुसतं हाकलत, म्हणून पोरं.

देवकाबाई जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस निवडायची. नवरा दुसरी करून बल्लारशाकडे निघून गेला होता. एकच मुलगा, गुलाब. सत्त्याहत्तर सालच्या दिवाळीनंतर एका संध्याकाळी सिंदी स्टेशनच्या अलीकडे गाडी हळू झाली, डब्यात शिपाई चढल्याची आवई उठली आणि पोरांनी धडाधड उड्या टाकल्या. गुलाबला सिग्नलचा खांब लागला. चौदा वर्षांचा होता. शिपाई कोणी चढलेच नव्हते. ट्यूब फुटली नव्हती, पंचनाम्यात तसं नमूद आहे, मी तो वाचला आहे.

आणि ती ट्यूब त्याच्या कमरेला त्याच्या आईनंच बांधली होती. गाठ तिच्या लुगड्याच्या चिंधीची होती. मंडळाच्या भाषणांत हे कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. फैलातल्या बाया तिच्या दारासमोर थुंकल्या. आमच्या मोहल्ल्यानं तेवढंही केलं नाही, कारण ती आमच्या खिजगणतीतच नव्हती.

तेरावं झालं आणि चौदाव्या दिवशी ती पदराखाली विळा घेऊन फलाटावर उभी राहिली. पोरगं उतरलं की दोन्ही हात त्याच्या कमरेला घालायची. हाताला ट्यूब लागली की विळ्याचं टोक आत. दारू फलाटावर सांडायची, पोरगं शिव्या देत पळायचं, आणि मालकाची माणसं रात्री हिच्या झोपडीवर दगड टाकायची. पोरांनी तिला चावे घेतले. दारूवाल्यांनी तिचा डावा हात दोनदा मोडला. फलाटावरचे शिपाई खुर्चीत बसून हसायचे. "आमचं काम तू कायले करतं वं?" असं एकानं विचारलं, तर म्हणाली, "तुमाले पगार भेटते, मले भेटत नाई. म्हनून मी करतो." तिच्या तोंडात गोड शब्द मी कधी ऐकला नाही. पोरांनाही तेच. "मेल्या, पोट वाढवाचं असन तं भाकर खाऊन वाढव," म्हणायची आणि कानाखाली द्यायची. मंडळाची स्थापना म्हणतात ती एवढीच. उद्घाटन, दीपप्रज्वलन असलं काही झालं नाही.

ज्यांच्या ट्यूबा तिनं फाडल्या, त्या पोरांना मालक मारू लागले. मग ती पोरं तिच्याच दारात येऊन बसली. जायला दुसरी जागा नव्हती. त्यांचं करायचं काय, हे तिला कळेना, तेव्हा रूपराव मिस्त्री पुढे आला. हा मूळचा सिंदीचा. तिथल्या तान्ह्या पोळ्याला माणसाच्या उंचीचे लाकडी बैल निघतात, याचा बाप ते घडवायचा. रूपरावानं पोरांच्या हातात रंधा दिला, संध्याकाळी एक पाटी दिली. गाडीची वेळ टळली पाहिजे, एवढाच त्याचा अभ्यासक्रम होता.

एक्याऐंशी साली मंडळानं जकात नाका मागितला. इथे माझा संबंध येतो. तो नाका मीही मागितला होता. वाचनालयासाठी, आमच्या मोहल्ल्यातल्या चार सुजाण माणसांसाठी. चार खुर्च्या, दोन वर्तमानपत्रं आणि शांतता, यापलीकडे मला काही नको होतं. माझा अर्ज तीन वर्षं धूळ खात पडला होता. देवकाबाईचा अर्जही मीच लिहिला. फैलातल्या पोट्ट्यांना कोण देतो जागा, असा विचार करून मी तो मन लावून लिहिला. वाईट लिहिणं मला जमत नाही. तिला महिन्याभरात नाका मिळाला, माझा अर्ज निकाली निघाला, आणि कचेरीतले शिपाईसुद्धा मला पाहून हसू लागले.

तेव्हापासून रोज संध्याकाळी माझ्या खिडकीसमोर करवतींचा आवाज. मी त्या पोरांचा द्वेष करू लागलो. दुसरा शब्द वापरायची गरज नाही.

पुढच्या वर्षी त्यांनी तान्ह्या पोळ्यासाठी बैल करायला घेतला. लहान मुलं त्या दिवशी आपापले लाकडी बैल सजवून मारुतीच्या देवळासमोर आणतात, मग घरोघर फिरवतात, आणि प्रत्येक घरी बैलाला कुंकू लावून पोरांना बोजारा मिळतो, कुठे खाऊ, कुठे चार नाणी. फैलाच्या पोरांना कोणाच्या दारात उभं करत नसत. म्हणून देवकाबाईनं ठरवलं की असा बैल करायचा, दार लावताच येऊ नये. खांद्याला माणसाचा खांदा लागेल एवढा उंच. भरीव लाकूड कुठून आणणार? मग आमच्या मोहल्ल्यातल्या हिरालाल सेठच्या दुकानामागे साबणाची रिकामी खोकी पडली होती, ती मागून आणली. आत सांगाडा, वर फळ्या, पोटाला चार स्क्रूंचं झाकण. शिंगं शालिकनं केली.

शालिक तेव्हा सोळा वर्षांचा होता. नवव्या वर्षापासून ट्यूबा वाहिलेला. देवकाबाईनं त्याच्या कमरेची ट्यूब अकरा वेळा फाडली होती, बाराव्यांदा तो रिकामा उतरला. हात असा, की रूपराव आपली पटाशी फक्त त्यालाच देत असे. पोळा झाला की नागपूरच्या एका सुतार कारखान्यात त्याला लावायचं ठरलं होतं. त्यासाठी ठाण्याकडून चारित्र्याचा दाखला हवा होता. तेवढा एक कागद मिळाला की शालिक सुटला, असं देवकाबाई ज्याला त्याला सांगत फिरत होती. तो अर्जही मीच लिहिला होता.

पोळ्याच्या चार दिवस आधी हिरालाल सेठ दोघा-तिघांना घेऊन माझ्या ओट्यावर आला. "मुन्शीजी, खोके तं माह्येच होते, पर अंदर का भरून राह्यले हे कोनाले मालूम? घरघर फिरवतीन ना थो बैल. आपुन एक कागद लिहून देजा, बिननावाचा."

बैल पोकळ आहे हे सगळ्यांना ठाऊक झालं होतं, टिचकी मारली की वाजायचा. आणि कोरड्या जिल्ह्यात पोकळ वस्तू दिसली की माणसाला एकच गोष्ट सुचते. पण मला ते कारण सांगता येणार नाही. मी महिनाभर खिडकीतून त्या बैलाचं उघडं पोट पाहत होतो. त्यात भुशाशिवाय काही नाही, हे आमच्या मोहल्ल्यात मला एकट्याला पक्कं माहीत होतं. तरी मी टाक उचलला आणि लिहिलं, 'सदर बैलाच्या पोटात अवैध मद्याच्या ट्यूबा भरून सणाच्या आडून घरोघर विक्री होणार असल्याची खात्रीलायक माहिती आहे.' खाली लिहिलं, 'एक त्रस्त नागरिक'. वाक्य चांगलं जमलं होतं. मला त्याचा अभिमान वाटला.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी देवळासमोर तोरणाखाली शंभरेक छोटे बैल उभे होते आणि त्यांच्यामागे फैलाचा तो धिप्पाड बैल. झूल पोत्याची होती, पण शिंगांना बेगड लावलं होतं. शालिकनं दोर धरला होता. तेवढ्यात ठाणेदार चार शिपाई घेऊन आला.

"पोट खोला याचं."

रूपराव हात जोडून पुढे झाला. "साहेब, चार स्क्रू हायत. दोन मिन्टांत खोलतो. पेचकस आनतो नाक्यातून."

"हो, अन् तेवढ्यात माल पार कर," असं म्हणत ठाणेदारानं खिशातून कागद काढला आणि देवकाबाईच्या तोंडासमोर धरला. "हे वाच."

"मले वाचता येत नाई."

तो हसला, शिपाई हसले, आमचा मोहल्ला हसला. पण तिनं त्या कागदावरून नजर काढली नाही. ज्या बाईला अक्षर ओळखता येत नाही, ती एवढं काय पाहते आहे, याचं मला देवळाच्या ओट्यावर उभ्या उभ्या नवल वाटलं.

शिपायानं कुऱ्हाड चालवली. पोळ्याच्या सणात बैलावर कुऱ्हाड. बाया ओरडल्या, लहान मुलं आपापले बैल उचलून पळाली. तीन घावांत उजवी कूस फुटली. आत भुसा होता, सुतारकामाची एक विसरलेली मोगरी होती, आणि फळ्यांच्या आतल्या बाजूला हिरालाल सेठच्या साबणाचे उलटे शिक्के होते. ठाणेदारानं आत हात घालून दोनदा फिरवला, भुसा झटकला आणि निघून गेला.

काही सापडलं नाही. पण कुऱ्हाड उगाच चालत नाही, असं आमच्या मोहल्ल्याचं मत पडलं. दुसऱ्या दिवशी चौकशी होईपर्यंत म्हणून नाक्याला कुलूप लागलं. शालिकचा दाखला ठाण्यात अडकला.

तिसऱ्या दिवशी देवकाबाई माझ्या टेबलासमोर येऊन उकिडवी बसली. "अर्ज लिहा."

मी कागद ओढला.

"लिहा, बैल पोकळ हाय, काऊन का भरीव लाकूड आमाले कोनं देल्लं नाई. लिहा, माह्या गुलाबच्या कमरेले ट्यूब मी बांधली. गाठ मी मारली. तवापासून दुसऱ्याच्या पोट्ट्यायच्या गाठी सोडून राह्यली. नाका भेटला नाई तं हे पोट्टे त्याच गाडीत जातीन."

यात 'सविनय' कुठे घालावं ते मला कळेना. जसं बोलली तसं लिहिलं. माझ्या हयातीत मी लिहिलेला तो सगळ्यात चांगला अर्ज, आणि त्यात माझा एक शब्द नाही. तिनं शाईत अंगठा बुडवून खाली उठवला. मग कागद माझ्याकडे सरकवला.

"आता तुमचा."

"माह्या कायले? लिहिनाऱ्याची सही करतो ना."

"सही नाई. अंगठा. त्या ठाणेदाराच्या कागदावर हाय तसा."

कडुनिंबाखाली दहा माणसं होती. देवकाबाई हळू बोलत होती म्हणून त्यांतल्या कोणाला ऐकू गेलं नाही.

"मले अक्षर नाई समजत, मुन्शीजी. जिंदगीभर अंगठाच लावला, तं अंगठाच वाचता येते. माह्या पेटीतल्या साऱ्या कागदायवर हा फाटका अंगठा हाय. त्या कागदावरबी होता. कोपऱ्यातला डाग आपोआप पडते, थो कोनी मानत नाई. तुमी इथं आपल्या मनानं लावा. ठाण्यातला थो कागद मागवून दोनी साहेबापुढं एका जागी ठेवतो. मंग मले तोंडानं काई सांगाची गरज नाई. शालिकचा दाखला सुटते. थे पोट्टं आठ दिवस रिकामं राह्यलं तं गेलं समजा."

माझ्या डोळ्यांपुढे माझं टेबल आलं, परवाना आला, खोटी खबर देण्याचं कलम आलं, ओट्यावर हसणारे हिरालाल सेठ आले. शालिकही आला, नाही असं नाही. पण तो शेवटी आला.

"चाल, नीघ इथून," मी ओरडलो. "अंगठेबहाद्दर बाई मले कायदा शिकवते!"

मला तिचा जो राग आला, तसा जन्मात कोणाचा आला नाही. तिनं कागदाची घडी केली. "बरं. थांबीन मी," म्हणाली आणि गेली.

शालिक आठ दिवसही थांबला नाही. सहाव्या दिवशी तो गाडीत होता. महिन्याभरात पकडला गेला, ठाण्यात मार खाल्ला, सुधारगृहात जाऊन आला, आणि तिथून सगळं शिकूनच परतला. आज गोदामफैलातला सगळ्यात मोठा दारूवाला तोच आहे. पोरांच्या कमरेला ट्यूबा आता तो बांधतो.

नाका चौदा महिने बंद होता. पोरं उन्हापावसात रस्त्यावर पोतं टाकून रंधा मारत बसायची. दर सोमवारी देवकाबाई तो फुटका बैल ढकलत नगरपालिकेच्या अंगणात न्यायची आणि भोक दाराकडे करून उभा करायची. लाकडाचा असला तरी बैल, हात लावून बाहेर काढायची कोणाची छाती होईना. येणारेजाणारे त्याला कुंकू लावू लागले. एका साहेबानं वैतागून किल्ली दिली. न्याय वगैरे काही झाला नाही, अडचण झाली म्हणून दिली. पुढे नोंदणी झाली, देणग्या आल्या, सदतीस पोरं कामाला लागली. ती यादी तुमच्याकडे आहेच, ती छापा.

बैलाची कूस तिनं रूपरावाला बुजवू दिली नाही. दर तान्ह्या पोळ्याला तो बैल पहिल्यांदा माझ्या दारात येतो, फुटकी कूस माझ्याकडे करून. सुमित्राबाई बाहेर जाते, त्या भोकाच्या काठाला कुंकू लावते, पोरांना बोजारा देते. एकदा तिनं मला विचारलं, "ही बाई आपल्याच दारात पयले काऊन येते हो?" मी म्हटलं, घर समोर आहे म्हणून. पाच पोळे झाले, मी आतल्या खोलीत बसून असतो. त्या बाईनं मोहल्ल्यात, फैलात, ठाण्यात, कोणाजवळ माझं नाव काढलं नाही.

शालिकजवळही नाही. हे मला परवा कळलं. या स्मरणिकेसाठी त्यानं पूर्ण पानाची जाहिरात पाठवली होती, 'एक हितचिंतक' म्हणून. देवकाबाई ती परत करायला त्याच्या दारात गेली. भर रस्त्यात तो तिच्या अंगावर धावून गेला. "म्हातारे, तुह्याच बैलानं मले डुबवलं! तुले बैल नाचवाचा होता, माह्या दाखला गेला!" मी चौकात उभा होतो. तिनं ऐकून घेतलं. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. जाहिरात त्याच्या उंबऱ्यावर ठेवली आणि परत आली. त्या पानाची जागा रिकामी झाली, तीच मला लिहायला दिली आहे.

तेव्हा लिहितो. शालिक, तुला बैलानं बुडवलं नाही, मी बुडवलं. तो बिननावी कागद मी लिहिला. बैलात भुसा आहे हे ठाऊक असताना लिहिला. तुला सोडवायला एक अंगठा लागत होता, तो मी दिला नाही.

याची एक प्रत शालिकच्या घरी पोचवा. त्याला वाचता येतं, नाक्यातच शिकला आहे. देवकाबाईला वाचून दाखवू नका. खाली माझं नावही टाकू नका. कोपऱ्यात अंगठा उठवला आहे, त्याचा छापखान्यात ब्लॉक करून तेवढा छापा. तिला तेवढं वाचता येतं.